रुग्णवाहिकेची वाट

सायंकाळी महाराज बाड्यावर उभे राहिले असता एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. फेरीवाले, टेम्पो, दुचाक्या आणि खरेदीस निघालेली कुटुंबे यांची एकच दाटी झालेली असते. इतक्यात दुरून भोंगा ऐकू येतो. गर्दी कुरकुरत का होईना दुभंगते, पांढरी गाडी त्या फटीतून जयारोग्य रुग्णालयाच्या दिशेने निघून जाते आणि क्षणभर थबकलेला व्यवहार पुन्हा सुरू होतो. ज्या नगरात १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली, त्या नगरात राहणाऱ्यास रुग्णवाहिका म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न वाटतो. वाट न देणाऱ्या वाहनचालकास २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने दहा हजार रुपये दंड सांगितला आहे. तेव्हा आपण बाजूला झालो की आपले कर्तव्य संपले, अशीच आमचीही समजूत होती. ती समजूत गेल्या पावसाळ्यात पार मोडली. ती कशी मोडली हे वाचकांपुढे मांडावे, एवढ्यासाठीच हा लेख.

आमच्या शाळेत घंटा वाजविण्याचे व पाण्याची व्यवस्था पाहण्याचे काम करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही सर्वजण दादा म्हणतो. त्यांचे गाव जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पक्क्या सडकेपासून सुमारे दीड किलोमीटर आत आहे. मध्ये एक नाला आहे आणि नाल्यावर रपटा आहे. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहू लागले की गाव सडकेपासून तुटते. श्रावणातील एका रात्री दादांच्या पुतण्याची पत्नी घरीच बाळंत झाली. पुतण्या मजुरीसाठी परप्रांती होता. मूल सुखरूप होते. परंतु रात्री सव्वानऊच्या सुमारास सुरू झालेला रक्तस्राव थांबेना.

दुसऱ्या दिवशी दादा शाळेत आले नाहीत. कारण कळताच आमच्यापैकी काही जण गुरुजींबरोबर रुग्णालयात गेलो. आमच्या दोन शिक्षकांनी रक्त दिले. आमची वये त्या कामास पुरी नव्हती, म्हणून आम्ही नुसते बाकावर बसून राहिलो. तेथे बसल्या बसल्या दादांकडून जे ऐकले ते एका मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर वेळेनिशी टिपून घेतले. ते पान आज आमच्यासमोर आहे.

सव्वानऊला रक्तस्राव सुरू झाला. दाई म्हणाली, एवढे तर जायचेच. सासूबाईंनाही तसेच वाटले. तासाभराने सुनेचे हातपाय गार पडू लागले तेव्हा दोघी घाबरल्या. घरातील वडीलधारे पुरुष शेजारच्या वस्तीवर भजनाला गेले होते. त्यांना बोलावून आणले. मग मोबाईलला रेंज मिळेना, म्हणून एक मुलगा गच्चीवर चढला. १०८ क्रमांकावर बोलणे झाले तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटे झाली होती. त्या नावाची दोन गावे असल्याने नेमके कोणते, हे सांगण्यात आणखी थोडा वेळ गेला. गाडी अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी आली, म्हणजे रपट्याच्या अलीकडे येऊन उभी राहिली. पुढे येणे शक्यच नव्हते. गाडीतील कर्मचारी पाण्यात उतरून पलीकडे आला, ही गोष्ट दादांनी दोनदा सांगितली. बाईला खाटेवर घालून, चार जणांच्या खांद्यांवरून, कमरेइतक्या पाण्यातून गाडीपर्यंत आणण्यास बारा वाजून वीस मिनिटे झाली. एक वाजता तहसिलीच्या गावातील रुग्णालय आले. तेथील परिचारिकेने तत्काळ इंजेक्शन दिले व शिरेतून सलाईन सुरू केले. परंतु रक्त नव्हते. वीस मिनिटांनी गाडी ग्वाल्हेरकडे निघाली. ग्वाल्हेरच्या रुग्णालयाच्या दारात ती पोहोचली तेव्हा पहाटेचे दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

आता सरकारी नोंदवहीत या रात्रीविषयी काय लिहिले जाईल? दूरध्वनी दहा-पन्नासला, गाडी पोहोचली अकरा-पंचवीसला. म्हणजे पस्तीस मिनिटे. ग्रामीण भागासाठी हे काही वाईट नव्हे. महाराष्ट्रात २०१४ च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झालेल्या १०८ सेवेसाठी शहरात वीस व ग्रामीण भागात तीस मिनिटे अशी मर्यादा ठरविण्यात आली. तिच्याशी तुलना केली तर आमची गाडी अवघी पाच मिनिटे उशिरा आली म्हणावयाचे. परंतु त्या बाईच्या दृष्टीने पाहिले तर रक्तस्राव सुरू झाल्यापासून पहिले इंजेक्शन मिळेपर्यंत पावणेचार तास आणि रक्त मिळू शकेल अशा ठिकाणी पोहोचेपर्यंत सव्वापाच तासांहून अधिक काळ गेला होता. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव दोन तासांच्या आत प्राण घेऊ शकतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. ती वाचली याचे श्रेय रक्तस्राव मंद होता या योगायोगास आणि त्या परिचारिकेच्या इंजेक्शनास द्यावे लागेल. गाडीच्या पस्तीस मिनिटांस ते देता येत नाही आणि तिचा मृत्यू झाला असता तर दोषही त्या पस्तीस मिनिटांस देता आला नसता.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, ग्रामीण भागातील रुग्णवाहिकेविषयी जी चर्चा चालते ती गाडीच्या घड्याळावर चालते. रुग्णाच्या घड्याळाकडे कोणी पाहत नाही. गाडीचे घड्याळ दूरध्वनी घेतल्यावर सुरू होते व गाडी उभी राहिली की थांबते. रुग्णाचे घड्याळ वेदनेबरोबर सुरू होते व उपचाराचा हात लागेपर्यंत चालत राहते. शहरात या दोन घड्याळांत फारसे अंतर पडत नाही, म्हणून शहरी माणसास एकच घड्याळ दिसते. हा विचार आम्हांस नव्याने सुचला असे नाही. कोलंबिया विद्यापीठातील थॅडिअस व मेन या दोन संशोधक महिलांनी १९९४ साली मातामृत्यूंच्या संदर्भात तीन विलंबांची मांडणी केली होती: उपचार घ्यावा असे ठरविण्यातील विलंब, उपचाराच्या ठिकाणी पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील विलंब. आमच्या वहीतील पानावर हे तिन्ही विलंब एकाच रात्री हजर आहेत आणि रुग्णवाहिकेची पस्तीस मिनिटे हा त्यांपैकी दुसऱ्याचा केवळ एक तुकडा आहे.

कोणी म्हणेल, मग गाड्या वाढवा. वाढल्या आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १०८ ची सेवा देशात प्रथम हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली. मध्य प्रदेशात ती २००९ मध्ये आली. आणि २०२२ साली या राज्यातील निरनिराळ्या रुग्णवाहिका व प्रसूतीसाठीच्या जननी गाड्या एकत्र करून दोन हजारांहून अधिक वाहनांचा ताफा उभा करण्यात आला. आमच्या आजोबांच्या पिढीस हे स्वप्नवत् वाटले असते. तथापि गाड्या कोठे उभ्या करावयाच्या हे ज्या हिशेबाने ठरते, त्या हिशेबात एक मोठी गोम आहे, आणि ती समजण्यास आमच्या वर्गातील गणित पुरेसे आहे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष असा की, एक लाख लोकसंख्येमागे प्राथमिक जीवरक्षक सोयींची एक गाडी असावी व पाच लाखांमागे प्रगत सोयींची एक. पहिलाच निकष घेऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ग्वाल्हेर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २० लाख ३२ हजार आणि क्षेत्रफळ सुमारे ४,५६० चौरस किलोमीटर. म्हणजे निकषाप्रमाणे वीस गाड्या, आणि प्रत्येक गाडीच्या वाट्यास २२८ चौरस किलोमीटर. आता श्योपूर जिल्हा घ्या, ज्याच्याकडे आमची ती छोटी आगगाडी २०२० सालापर्यंत रखडत रखडत जात असे. तेथील लोकसंख्या सुमारे ६ लाख ८८ हजार, क्षेत्रफळ ६,६०६ चौरस किलोमीटर. सात गाड्या, प्रत्येकीच्या वाट्यास सुमारे ९४४ चौरस किलोमीटर. नियम तोच, माणशी न्याय तोच, पण श्योपूरच्या गाडीस चौपट भूमी सांभाळावयाची आहे. क्षेत्र वर्तुळाकार मानले तर केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर ग्वाल्हेरात साडेआठ किलोमीटर होते, तर श्योपुरात सव्वासतरा. शिवाय ग्वाल्हेर जिल्ह्याचे शेकडा बासष्टांहून अधिक लोक शहरांत राहतात; तेव्हा डोकी मोजून गाड्या वाटल्या तर त्यांतील बहुसंख्य गाड्या शहरांतच उभ्या राहणार. भितरवार, घाटीगाव, मोहना या बाजूच्या गावकऱ्याने ती सरासरी ऐकून काय करावे?

लोकसंख्येवर गाड्या वाटणे हे शाळेत मुलांच्या संख्येप्रमाणे बाके वाटण्यासारखे आहे. ते न्याय्य दिसते. परंतु रुग्णवाहिकेच्या बाबतीत माणसे मोजून भागत नाही. अंतर मोजावे लागते, आणि अंतरही नकाशावरचे नव्हे, तर पावसाळ्यातले. ऑगस्ट २०२१ मध्ये सिंध नदीस महापूर आला आणि शेजारच्या दतिया जिल्ह्यातील रतनगड व सेवढा येथील पूल वाहून गेले. ज्या दिवशी पूल गेला, त्या दिवशी नकाशावरील किलोमीटर तेवढेच राहिले. वाट मात्र कित्येक पटींनी लांबली. लहान रपट्यांचे वृत्त वर्तमानपत्रात येत नाही, पण दर पावसाळ्यात तेही असेच बुडतात.

येथे हवाई रुग्णवाहिकेचा उल्लेख करणे प्राप्त आहे. २०२४ पासून आपल्या राज्यात ती सेवा सुरू झाली आहे आणि एका रुग्णालयातून दूरच्या मोठ्या रुग्णालयात गंभीर रुग्ण हलविण्यास तिचा उपयोग निःसंशय आहे. परंतु ती डॉक्टरांच्या शिफारशीने व अधिकाऱ्यांच्या मंजुरीने निघते. श्रावणातल्या मध्यरात्री, ढगाळ आकाशातून, दादांच्या गावच्या शेतात ती उतरेल अशी अपेक्षा कोणी करू नये. विमान पाहून मान वर होते खरी. रपटा पाहण्यास मान खाली घालावी लागते.

मग उपाय काय? गाडी जितक्या वेगाने रुग्णाकडे येऊ शकत नाही, तितक्या वेगाने उपचाराचा पहिला हात रुग्णापर्यंत पोहोचविणे, असे आम्हांस वाटते. याचे सर्वांत उत्तम उदाहरण मराठी वाचकांस परिचित आहे. कोकणात महाड भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. डॉ. हिम्मतराव बावस्कर तेथील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना त्यांनी या रुग्णांचे रात्र रात्र बसून निरीक्षण केले, विषाचा हृदयावर होणारा परिणाम जाणला आणि रक्तदाबावरील प्राझोसिन नावाच्या एका स्वस्त गोळीचा उपयोग सिद्ध केला. त्यांचे निबंध लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, या यशात वेगवान मोटारीचा काही संबंध नाही. मुंबईचा रस्ता तेवढाच लांब राहिला. परंतु गोळी गावाजवळच्या केंद्रात होती आणि ती केव्हा द्यावी हे तेथल्या डॉक्टरास ठाऊक होते, म्हणून लांब रस्त्याची गरजच पुष्कळ अंशी संपली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघर देखभाल सुरू केली व नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले, ते १९९९ साली लॅन्सेटमध्येच प्रसिद्ध झाले. तेथेही तोच मार्ग.

परदेशातले एक उदाहरण तर आम्हांस फारच आवडले. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात १९२८ साली विमानातून जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली, हे भूगोलाच्या तासास आपण ऐकतो. परंतु तीमधील विमानाहूनही चतुर गोष्ट आपण ऐकत नाही. पायाने पेडल मारून वीज निर्माण करणारा एक बिनतारी संच दूरदूरच्या वस्त्यांवर देण्यात आला. आणि पुढे प्रत्येक वस्तीवर औषधांची एकसारखी पेटी ठेवण्यात आली, जिच्यातील प्रत्येक औषधास क्रमांक होता. शेतकऱ्याची बायको बिनतारी संचावर लक्षणे सांगे आणि डॉक्टर शेकडो मैलांवरून म्हणे, अमुक क्रमांकाची बाटली उघडा. विमान पोहोचण्यापूर्वीच उपचार सुरू होत असे. आपल्याकडे आज पेडल मारण्याचे कारण नाही. १०८ वर आवाज पोहोचतो, गावात आशा कार्यकर्ती आहे. २००५ पासून ती योजना चालू आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या गोळ्यांना शीतपेटी लागत नाही, आणि जेथे कुशल परिचारिका उपलब्ध नाही तेथे त्या वापराव्यात असे जागतिक आरोग्य संघटनेचेही मत आहे. दादांच्या घरी त्या रात्री त्या गोळ्या नव्हत्या. गावची आशा पलीकडच्या पाड्यावर राहते. तिला बोलवावे हे कोणास सुचले नाही. हा दोष गावाचा, आणि गावास कधी न सांगणाऱ्या आम्हां शिकलेल्यांचाही.

थोडे विषयांतर होईल, पण फुलबागेतील समाधीपाशी दरवर्षी जाणाऱ्या आम्हां ग्वाल्हेरकरांस ते क्षम्य वाटावे. जून १८५८ मध्ये घायाळ झालेल्या राणी लक्ष्मीबाईंना त्यांच्या सेवकांनी जवळच्याच बाबा गंगादासांच्या मठीत नेले, असे सांगतात. संकटकाळी माणूस सर्वश्रेष्ठ वैद्याकडे जात नाही; सर्वांत जवळच्या दाराकडे जातो. ते दार कितपत सज्ज आहे, हाच प्रश्न असतो.

आणि खांद्यांचे काय? १८९९ साली दक्षिण आफ्रिकेतील युद्धात गांधीजींनी सुमारे अकराशे हिंदी लोकांचे रुग्णसेवा पथक उभारले होते व ते लोक जखमींना डोलीतून दिवसाकाठी वीस-पंचवीस मैलांपर्यंत वाहून नेत. आम्ही तो पाठ अभिमानाने वाचतो. परंतु सव्वाशे वर्षांनंतर एका मातेस खाटेवर घालून दीड किलोमीटर पाण्यातून न्यावे लागते, तेव्हा अभिमानाची जागा दुसऱ्याच भावनेने घेतली पाहिजे.

आमच्या सूचना मोठ्या नाहीत. रुग्णवाहिकेच्या नोंदवहीत गाडी पोहोचल्याच्या वेळेबरोबरच त्रास केव्हा सुरू झाला, रुग्ण गाडीत केव्हा आला आणि पहिला उपचार केव्हा मिळाला, हे तीन रकाने असावेत. २०१९ च्या कायद्यात अपघातानंतरच्या पहिल्या तासास सुवर्णतास म्हटले आहे. तो तास इजा झाल्या क्षणापासून मोजावयाचा, गाडी निघाल्यापासून नव्हे. कायद्यास जे समजले ते नोंदवहीस समजण्यास हरकत नसावी. पावसाळ्याचे चार महिने गाड्यांची ठाणी डोकी मोजून नव्हे, तर बुडणारे रपटे मोजून ठरवावीत. नाल्याच्या आतल्या बाजूस एखादी लहान गाडी वा दुचाकी ठेवता येईल काय, हेही पाहावे. मुंबईत २०१७ पासून दुचाकी रुग्णवाहिका गल्लीबोळांतून जात आहेत. मग शेताच्या बांधावरून जाण्यास त्यांना कोण अडवितो? तहसिलीच्या रुग्णालयात रक्तसाठा असावा, ही मागणी तर इतकी जुनी आहे की ती पुन्हा लिहिताना संकोच वाटतो.

राहिला आम्हां विद्यार्थ्यांचा वाटा. गंमत म्हणून आपत्कालीन क्रमांक फिरविणारी मुले सर्वत्र असतात. आमच्या शाळेतही नाहीत असे छातीठोकपणे म्हणवत नाही. त्यांनी वहीतील ते पान एकदा वाचावे. आमच्या बालवीर पथकाने दिवाळीच्या सुटीत दादांच्या गावी जाऊन सडकेच्या फाट्यावर व शाळेच्या भिंतीवर मोठ्या पाट्या रंगविल्या. त्यांवर गावाचे नाव, तहसील, पंचायत, जवळची ठळक खूण व आशाताईंचे घर कोणत्या बाजूस आहे हे लिहिले आहे, म्हणजे घाबरलेल्या माणसास दूरध्वनीवर ते नुसते वाचून दाखविता येईल. दाईने पाटीकडे पाहून, मला तर वाचता येत नाही, असे सांगितले; तेव्हा एका मुलीने तिच्याकडून ते सारे तोंडपाठ करून घेतले. रपट्याविषयी दादांनी व गावकऱ्यांनी मिळून दोन अर्ज दिले आहेत. दोन्हींची पोच मिळाली आहे.

बाळ आता पालथे पडू लागले आहे, असे दादा सांगतात. शाळेच्या ग्रंथालयात आम्ही एक कोरी नोंदवही ठेवली असून तीत वर सांगितलेले रकाने आखले आहेत. ज्या विद्यार्थ्यांचे आप्तेष्ट खेड्यांत आहेत त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत चौकशी करून, नावे न लिहिता, केवळ महिना, अंतर व वेळा तीत भराव्यात. आजपावेतो अकरा ओळी भरल्या आहेत. त्यांपैकी चारांत रुग्णवाहिकेच्या रकान्यात 'बोलावलीच नाही' असे लिहिले आहे.